बाबांच्या शेजारी गळ टाकून

१ डिसेंबर, रविवार

आजही नाही बोलले! सकाळपासून कातळावर बाबांच्या शेजारी बसले, पाय गारठले, दोन गळ दगडात अडकून तुटले. मिळालं काय, तर एक बोटभर मासा आणि बाबांचा एक हुंकार. तोही माझ्यासाठी नव्हता, माशासाठी होता.

दिवाळीत वैतरणेच्या याच काठावर त्यांना सांगितलं होतं, भावेशशी लग्न करायचंय म्हणून. तो आपल्यातला नाही, हेही सांगितलं. घरात धीर झाला नाही. नदीवर त्यांचा जीव रमतो, म्हणून तिथे – खालमानेने, एका दमात सगळं ओकून टाकलं. बाबा हातातल्या तंगुसाकडे, गळाच्या दोरीकडे बघत राहिले. काही म्हणजे काही बोलले नाहीत. तेव्हापासून सुट्टी मिळाली की जव्हारहून स्कूटी काढते आणि मोखाड्याचा रस्ता धरते. हो म्हणा, नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा!

४ डिसेंबर

भावेशचा फोन. "काय म्हणाले?" काहीच नाही. "म्हणजे नाही?" म्हणजे काहीच नाही!

त्याच्या घरचे आता थांबायला तयार नाहीत. मी स्वतः कमावते, सही करून लग्न लावता येतं, सगळं मान्य. पण बाबांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला मांडवात उभं राहायचं नाही. वेडेपणा असेल तर असू दे.

८ डिसेंबर, रविवार

आमच्या काठाचा नियम – गळ पाण्यात असेपर्यंत कोणी बोलायचं नाही. बोललं की मासा खोल जातो म्हणे. शेजारच्या कातळावर तुकाकाका बसतात, बाबांचे जुने सोबती. दोघे हातवारे करून अख्ख्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. मग यातलं नियमाचं मौन कुठे संपतं आणि रागाचं कुठे सुरू होतं, हे मी ओळखायचं कसं?

आज नदी चढलेली होती. आभाळात ढग औषधाला नाही, पण वरच्या धरणातून पाणी सोडलं की ही फुगते. मागच्या वेळी जिथे डबा सोडून जेवलो, ती वाळू गायब. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो, मग सगळे सामान आवरून वर चढतात. पाणी उतरलं की पुन्हा खाली. बिचाऱ्या माशांना घरपण राहिलं नाही.

काठीच्या टोकाला बांधायला घुंगरं नेली होती. मासा लागला की वाजेल, टक लावून बसायला नको. एक बाबांच्या काठीला बांधलं. थोड्या वेळाने त्यांनी सोडून खिशात टाकलं, आणि पुन्हा तंगुसावर बोट ठेवून बसले. मी फुगून बसले. नदीपेक्षा जास्त!

१० डिसेंबर

आश्रमशाळेत तपासणी. पोरांच्या कानांत बघून बघून माझी मान आखडली.

१५ डिसेंबर, रविवार

कटला! माझ्या गळाला! कोपरापेक्षा लांब! बाबा धावत आले, काठी धरली, मासा काठावर घेतला आणि पाठीत असा धपाटा घातला की अजून हुळहुळतंय. मग तुकाकाकांना हातांनी मासा दाखवला, होता त्याच्या दुप्पट.

वाटलं, आज गाडी रुळावर आहे. घरी परतताना ते मासा घेऊन पुढे, मी मागे. विचारलं, "बाबा, भावेशचं काय?" वळलेसुद्धा नाहीत. माशासाठी हसायचं आणि माझ्यासाठी पाठ? फार राग आला. जेवताना कालवणाचं कौतुकही केलं नाही मी.

निघताना आई म्हणाली, "मागून काय विचारतेस? समोर बसून विचार ना."

२२ डिसेंबर, रविवार

घरी पोहोचल्या पोहोचल्या लिहायला बसले.

भोंगा वाजला. तुकाकाकांनी पिशवी उचलली, मीही वर चढले. बाबा मात्र पार पुढच्या कातळावर, निवांत कणकेची गोळी वळतायत. वाटलं, हट्ट! मी आहे म्हणून मुद्दाम. मागून हाक मारली. पुन्हा मारली. तुकाकाका ओरडले, "पुंजा, ऊठ रं!" बाबांनी गोळी गळाला लावली.

आणि मला कळलं.

धावले. पाणी घोट्यावर आलं होतं. खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकले, आधी पाण्याकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. हात धरून वर आणलं. बसवलं, आणि मागून टाळी वाजवली. डावा कान काहीच नाही. उजव्याला जेमतेम.

समोर बसून विचारलं, "कधीपासून?"

"भाताच्या लावणीपासनं," म्हणाले. चोरी पकडल्यासारखं तोंड. "तुझे आईला सांगू नको. बहिरा झालो कळलं तं नदीवर धाडायची नाय."

आईला कळलेलं आहे, हे मी नाही सांगितलं.

मी नर्स! गावोगावच्या पोरांचे कान तपासते आणि बापाशी रुसून बसते. घाटात स्कूटी थांबवून आधी रडले, मग हसू फुटलं. त्यांनी ऐकलंच नव्हतं. म्हणजे ते नाही म्हणालेच नव्हते!

२९ डिसेंबर, रविवार

कानाच्या डॉक्टरांची तारीख घेतली. आणि आज समोर बसून, मोठ्याने, सगळं पुन्हा सांगितलं. तुकाकाकांनी सुद्धा ऐकलं. बाबांनी गळ पाण्याबाहेर काढला, काठी बाजूला ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नाय."

वाईट वाटलं, फार. पण छातीवरचा दगडही उतरला. आता निदान त्यांच्याशी भांडता तरी येईल.