आदेशची बाटली

ता. २४ ऑगस्ट, रविवार

सरूताई,

पाया पडते. दाजींना नमस्कार सांग. आमी सगळी खुशाल असं लिवायची रीत हाय, पण तसं नाय. माझा आदेश तेवढा बरा हाय.

समृद्धीची सलाईन निघाली का? डोळे उघडून बघती का? काय खायला मागती का?

फोनच करणार व्हते. पण तुझ्या सासूबाई, साळुबाई, तुला स्पीकरवर बोलायला लावत्यात. परवा मी ऐकलं, त्या मागनं म्हणत व्हत्या, "हिनंच जावळाहून येताना आळेफाट्याला पोरीला पाणीपुरी घातली. हिच्याच जिभेला लय चोचले." आन तू रडत म्हणलीस, "व्हय गं अक्षे, माझ्याच हातानं घातली." मला तवाच बोलायचं व्हतं. आदेश रडतोय म्हणून मी फोन ठिवला. तो रडत नव्हता.

म्हणून लिवते. सातवीनंतर पेन धरलं नाय, लागंल तसं वाच.

जावळाचे फोटो बघितले का? दादाच्या मांडीवर आदेश कसा भोकाड पसरून बसलाय. मागं समृद्धी माझी शाल पांघरून उभी हाय. "मी पण सत्काराची बाई," म्हणत फिरत व्हती घरभर.

त्या शालीचंच सांगायचंय.

पंचायतीनं गावातल्या आमा पाच बायांना पाणी तपासायला शिकवलंय. बारकी बाटली असती. तिच्यात रेघेपर्यंत नळाचं पाणी भरायचं, फडक्यात गुंडाळून ठिवायची. दोन दिसांत काळी पडली तर पाणी प्यायचं नाय. टाकीचा व्हॉल आदेशचे पप्पाच सोडत्यात, जंतू मारायची पावडर टाकायचं कामबी त्यांचंच. पण लोक भांडायचे, चहाला दवाखान्याचा वास मारतो म्हणून. एकदा सरपंचबाई समद्यांसमोर म्हणल्या, "काय ओ भाऊ, पाणी पाजताय का फिनेल?" सगळी हसली. त्या दिसापास्नं यांनी पावडर टाकायचीच सोडली. गोणी तशीच पडून.

आखाडात माझी बाटली काळी पडली. काजळीवानी. यांना दाखवली. म्हणले, "तोंड मिट आधी. वर कळलं तर माझं काम गेलं, आन लोक म्हणतील पाणीवाल्याची बायकोच बोंबलली." मग मी दुसरी बाटली भरली ती इंदरचंदशेठच्या दुकानातल्या जारच्या पाण्यानं. ती पांढरीफेक राह्यली. पंचायतीत तीच दिली. पंधरा ऑगस्टला त्याच कामासाठी मला शाल-नारळ मिळाला. टाळ्या वाजल्या.

ताई, हे सांगायला तरी सोपं हाय. खरं पुढंच हाय.

बाटली काळी पडल्यापास्नं मी आदेशचं पाणी उकळून देते. स्टीलच्या बाटलीत भरून वरच्या फळीवर ठिवते. आमच्या सासूबाई म्हणत्यात, "राजाचं लेकरू जनू." म्हणू दे म्हणलं. बाकी सगळी माठातलंच पितात. मीबी. आपण बी तेच पितो, म्हणून मनाला समजवायचे.

जावळाच्या दिशी समृद्धी उन्हातनं पळत आली. तू लसूण सोलत बसली व्हतीस. ती म्हणली, "मावशी, आदेशच्या बाटलीतलं दे ना, ते चकाचक हाय." तू हसलीस. म्हणलीस, "माय मरो आन मावशी जगो. माग, मावशीलाच माग."

माझा हात फळीवर गेला व्हता गं. तेवढ्यात सासूबाईंनी बघितलं. मला वाटलं, आता इचारतील, त्या पाण्यात असं काय हाय? मग पावण्यारावळ्यांत समदं निघंल. मी हात खाली घेतला. "ते औषधाचं हाय बाळा," म्हणले.

माठातनं तांब्या भरून दिला. घटाघटा प्याली. तांब्या पुढं करून म्हणली, "आजून."

मी आजून दिला.

पाणीपुरी नव्हती ताई. तुझा हात नव्हता. माझा व्हता.

वाडीत आनखी दोघींची पोरं जुलाबानं आडवी हायत. त्यांच्या दारावरनं जाताना मी डोक्यावरचा पदर तोंडावर वढते.

रातीच्याला यांना सांगितलं, मी सरूताईला लिवणार, आन सोमवारी पंचायतीतबी सांगणार. जेवले नाय. भिताडाकडं तोंड करून पडले. सकाळी उठले, पावडरची गोणी खांद्यावर घेतली आन टाकीकडं गेले. काम राहील का नाय, मला ठेवतील का म्हायेरी धाडतील, म्हायती नाय. पण तुला शिव्या बसतात ते आता ऐकवत नाय.

चिमाजीभाऊ टोमॅटो घेऊन नारायणगावला निघालेत. त्यांच्याकडं पिशवी दिली हाय. फडक्यातली बारकी बाटली काळी हाय, परवा आमच्याच नळाला भरलेली. झाकण उघडू नको. डॉक्टरला दाखव, आन साळुबाईंना दाखव. हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखव, माझ्या नावासकट. दुसरी तसलीच बाटली मी पंचायतीच्या टेबलावर ठिवणार हाय. शालबी तिथंच ठिवीन.

पिशवीत स्टीलची बाटली पण हाय. चांगली घासून, पाणी खळाखळा उकळून भरलंय. समृद्धीला सांग, आता ही तिचीच. आदेश वाटीनं पिईल.

तिनं घेतली नाय तरी चालंल. खाली मावशी लिवायला हात धजत नाय.

अक्षदा