ड्रममधलं पाणी

मंगळवार, संध्याकाळ

सुमनचं लिंबाचं झाड आज गच्चीवरच्या कुंडीतून उपटलं. मुळं काळी, पार सडलेली. बायको गेल्यापासून मीच पाणी घालतो. नळाला आठवड्यानं पाणी येतं, म्हणून कपडे धुतलेलं पाणी झाडासाठी ड्रममध्ये साठवायचो, झाकण लावून. काय तो वास! मला वाटलं, साबणाचा असंल.

शेजारच्या शबानाभाभी म्हणाल्या, “भाऊसाब, हे पाणी साठवलं की सडतं. त्याच दिवशी झाडाला घालायचं. सुमनताई रोज न्यायच्या की वर.”

रोज. दुखऱ्या गुडघ्यांनी, बादली घेऊन. तो वास अजून हाताला आहे. मी तिला हसायचो, “ड्रम भरून ठेव ना, कशाला चढतेस?” ती म्हणायची, “नगं.”

का नगं, हे मी एकदाही विचारलं नाय.