जळू अजून बरणीत होती

तीर्थरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे, तुझा दमा आणि तुझी शेजारीण, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. इकडे बाबांच्या पायाची जखम भरत आली आहे. (हे वाक्य बाबांनी सांगितलं म्हणून लिहिलं. पुढचं माझं.)

अंगठ्याखालची ती जखम सगळी मलमं पचवून होती तशीच आहे. सर्जन म्हणाले, साखरेमुळे नसा गेल्यात; अंगठा आत्ता काढला तर पाय वाचेल. बाबा म्हणाले, "अंगठा काय याच्या बापाचा आहे?" (आजोबांवर गेलाय, असं तूच सांगायचीस.) आणि ते जळवा लावणाऱ्या वैद्यांकडे गेले. पहिल्या दिवशी जळवेने तोंड फिरवलं. परक्यांसमोर पायाला वास नको म्हणून बाबांनी त्यावर सुगंधी पावडर थापली होती. पाय धुतल्यावर जळू चिकटली. वैद्य म्हणाले, "ओढायची नाही हं काका, पोट भरलं की आपणहून सुटते." "म्हणजे आमच्या धाकट्यापेक्षा बरी," बाबा म्हणाले. (धाकटे काका आमच्याकडे नोकरी शोधायला आले तेव्हा मी शाळेत होते. अजून शोधताहेत.)

जखमेच्या कडा जरा लाल झाल्या, आणि बाबांनी गल्लीभर विजय जाहीर केला. परवा ते डोळे मिटून पडले होते. वैद्य बरणीचं घट्ट बसलेलं झाकण फिरवत होते. एवढ्यात बाबा ओरडले, "आई गं! कडकडून चावली! बघ, अंगठा जिवंत आहे!" वैद्य हळूच म्हणाले, "काका, ती अजून बरणीत आहे." मग त्यांनी खरोखरच लावली. ती चावली, रक्त आलं, आणि बाबा डोळे मिटूनच विचारत राहिले, "लावली का?"

कारखान्यात मी वजनकाटे तपासते. वजन ठेवण्याआधी आकडा दाखवणारा काटा मी बाद करते. बाबांना बाद करता येत नाही. बाहेर आल्यावर वैद्यांनी मला सांगितलं, "जळू रक्त वाहतं करील, गेलेल्या नसा आणणार नाही. आता सर्जनकडेच जा." सर्जन सोमवारपर्यंत थांबतील. बाबांचं एकच पालुपद: "ताई म्हणाली तरच." आणि तुला मात्र ते फोनवर रोज जखम भरल्याचं सांगतात.

तू दगदग करू नकोस. यायची गरज नाही. मी सगळं सांभाळते आहे.

तुझी भाची

ता.क. बाबांनी पत्र वाचून दाखवायला सांगितलं. पहिला परिच्छेद वाचला, कंसाशिवाय. "झकास," म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून, "ताई येतेय का?"

ता.क. दुसरा. 'गरज नाही' हे मी वजन ठेवण्याआधीच लिहिलं होतं. सोमवारच्या आत ये.