सिगारच्या पेटीतला ओलावा

४ ऑगस्ट, सोमवार
उल्हासनगरच्या आमच्या फर्निचरच्या दुकानात सेठनी नवीन काम आणलं. सिगारच्या पेट्या, बारा नग. मुंबईत एक हॉटेल आहे, तिथं लोक बसून सिगार ओढतात, त्यांच्यासाठी. नमुना म्हणून एक परदेशी पेटी दिली, झाकण मोडलेलं. पेटीच्या आत ओलावा सत्तर टक्के पाहिजे. कमी झाला तर सिगार वाळून तडकते, जास्त झाला तर बुरशी. आत पाण्याच्या स्पंजची एक डबी, तोंडावर ओलावा मोजायचं मीटर, आकडा बाहेरून दिसतो. बाकी सगळा खेळ झाकणाचा. हवा आत-बाहेर झाली की संपलं.
आमचे म्हातारे सुतार मेस्त्रीकाका, त्यांनी पेटी हातानं चाचपली. "ही पेटी न्हय रे झिला, बाळंतिणीची खोली."
काकांना मोतीबिंदू. सांध्याची रेघ दिसत नाही. दिवाळी झाली की गावी देवगडला जाणार, डोळे करून तिकडंच राहणार. म्हणजे त्यांचं बाकडं, मिस्त्रीची जागा, रिकामं. सेठ सिंधी, पोरांना पुट म्हणतात, म्हणजे बेटा. माझ्याकडं बघून बोलले, ये बारा तू बना पुट, पास हुई तो बाकडा तेरा. नाहीतर राजस्थानचा कारागीर यायला तयार आहे.
मी इथं पॉलिश घासायला म्हणून लागलो, सुतारकाम काकांकडून शिकलो. ह्याच्या आधी चार कामं धरली, चारी सोडली. एक गॅरेज, एक सोनं-चांदी गाळायचं गलाईचं दुकान, बाकीची दोन लिहीत नाही. हे मात्र...

८ ऑगस्ट, शुक्रवार
शुक्रवार म्हणजे लाईट नाही. मशीन बंद. हातानं रंधा. बरं झालं, गडबड नाही.
बाहेरून सागवान, आतून तून नावाचं लाकूड. तून काकांनी सुचवलं, वास गोड, सिगारला चालतो म्हणे. मी सवयीनं आतून पॉलिशचा बोळा फिरवायला गेलो तर काकांनी हातावर चापट मारली. आत काही लावायचं नाही, उघडं लाकूड.
झाकण बसेना. पावसानं फळी फुगलीय. काका म्हणाले दाराला करतो तसं कर, अडतंय तिथं रंधा मार. पावसात कॅम्प १ मधली निम्मी दारं अडकतात, काका जाऊन मारून येतात, माणसं चहा पाजतात. तसंच केलं. थोडं थोडं, उजेडाला धरून. संध्याकाळी झाकण वरून सोडलं तर आपटलं नाही. शेवटच्या बोटभर जागेत हवेवर तरंगलं, मग बसलं. काकांनी कानानं ऐकलं. बसला, म्हणाले.
परत परत सोडून बघत होतो. पॉलिशवाली पोरं हसत होती, लग्न लाव तिच्याशी म्हणून.

१४ ऑगस्ट, गुरुवार
मीटर आली. खरं बोलतात का बघायची एक पद्धत आहे, मोबाईलवर बघितली. बाटलीच्या टोपणात ओलं मीठ, ते आणि मीटर एका पिशवीत घट्ट बंद. दुसऱ्या दिवशी पंच्याहत्तर दाखवलं तर मीटर बरोबर. आमच्या मीटरनी पंच्याहत्तर दाखवलं. सेठ म्हणाले नमक खिलाया है, झूठ कैसे बोलेगा.

२१ ऑगस्ट, गुरुवार
पाच पेट्या झाल्या. एकाहत्तर, बहात्तर, सत्तर, एकाहत्तर. पाचवीत पाण्याची डबी ठेवायची विसरलो होतो. तरी चौऱ्याहत्तर!
म्हणजे पेटी इतकी पक्की की पाणी पण लागत नाही. सेठनी ही गोष्ट अख्ख्या गल्लीला सांगितली. शेजारच्या पापडवाल्या ताई बघायला आल्या. सोफ्याच्या दुकानवाला म्हणाला, साईं, लडका हाथ से मत जाने देना.
रात्री खरवईला भाड्याच्या खोलीवर येईपर्यंत डोक्यात झाकणच.

२७ ऑगस्ट, बुधवार
गणपती. खोलीतली बाकीची पोरं गावाला. मी नाही गेलो, काम आहे. आण्णाचा फोन, माझा थोरला भाऊ. आटपाडीला घरची डाळिंबाची बाग बघतो. म्हणाला डबडी करतोस म्हणं. मी म्हटलं डबडी नाहीत, पेट्या. मग नेहमीचं. बागेत घरचा माणूस नाही, ये, ट्रॅक्टर तुझ्याकडं देतो.
"पाचवं काम बी सोडणारच हायस तू. मग आत्ताच सोड की."
खाली आरती चालली होती, तिचा आवाज फोनवर ऐकवला आणि ठेवला. आण्णा चुकीचं बोलला असता तर भांडलो असतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार
टेम्पो गेला. बारा पेट्या, कापसाच्या गादीत गुंडाळून. सगळ्या सत्तर-बहात्तर. सेठनी काकांच्या बाकड्याकडं बोट केलं. बैठ. काका स्वतः उठले, फुंकर मारून भुसा उडवला, सरकले. पलीकडच्या टोकाला बसले.
आण्णाला फोन केला. मिस्त्री झालो म्हटलं. बरं म्हणाला. पुढं डाळिंबाचं बोलला.

१८ सप्टेंबर, गुरुवार
हॉटेलचा फोन. पेट्यांत पन्नासच्या वर आकडा नाही. डबी भरून ठेवली की दोन दिवसांत पाणी गायब. सिगारचं वरचं पान तडकतंय. त्यांचा साहेब सेठना काय काय बोलला ते सेठनी सांगितलं नाही, पण जेवले नाहीत.
दोन पेट्या परत पाठवतायत. मला काही सुचत नाही. इथं सत्तर होतं. मी डोळ्यांनी बघितलंय.

२० सप्टेंबर, शनिवार
पेट्या आल्या. झाकण सोडलं, थापकन आपटलं. झाकणाखालून सेठचं कार्ड आरपार गेलं. माझ्या हातची पेटी! खाली नंबर घातलाय म्हणून, नाहीतर ओळखली नसती. सेठनी कार्ड खिशात परत ठेवलं.

२२ सप्टेंबर, सोमवार
त्याच पेट्या आज घट्ट बसतायत. कार्ड जात नाही. आकडा एकाहत्तर. सेठ उखडले. हॉटेलवाले चोर आहेत, पैसे देना नहीं है, नाटक करते हैं. फोन करून तेच ऐकवलं त्यांना. मला पण तसंच वाटावं असं फार वाटत होतं.
पण परवा मी स्वतः बघितलंय ना.
दुपारी मीटर काढून नुसतं बाकड्यावर ठेवलं. पेटीच्या बाहेर, उघड्यावर. चहा पिऊन आलो. आकडा ८१.
पेटी ओलावा धरतच नव्हती. ऑगस्टभर मी उल्हासनगरचा पाऊस मोजत बसलो. पाचवीत पाण्याशिवाय चौऱ्याहत्तर आलं तेव्हाच कळायला पाहिजे होतं, तर मी नाचत होतो. हॉटेलात एसी, हवा कोरडी. फुगलेली फळी तिथं आकसली आणि मी रंधा मारलेल्या जागी फट पडली. इथं आणली, परत फुगली.
काकांना सांगितलं. त्यांनी बिडी न पेटवता खाली ठेवली. म्हणाले, "दाराक फट पडली तर कोण बोलणा नाय रे. उन्हाळ्यात वारो येता." मग मान खाली. मी म्हटलं, माझंच चुकलं. त्यांनी ऐकलं नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार
सेठना सगळं सांगितलं. वाटलं हाकलतील. त्यांनी हॉटेलात फोन केला, आवाज एकदम साखर. दिवाळीच्या आधी एक पेटी बरोबर करून दाखवायची. ती चालली तर बाकीच्या परत करून देऊ. नाही चालली तर ऑर्डर गेली. आणि मला म्हणाले, राजस्थानवाल्याला दिवाळीनंतर बोलावतोय, तुझं बघून सांगतो त्याला. बाकड्यावरून उठ असं नाही म्हणाले. बस असं पण नाही.
त्यांचा उपाय, दाराला लावतात ती रबराची पट्टी मारून टाक. एकीला लावून बघितली. सकाळी उघडली तर आतून नवीन चपलेचा वास. सेठनी नाक लावलं आणि निघून गेले.

२७ सप्टेंबर, शनिवार
कोरडी हवा पाहिजे तपासायला. आमच्या दुकानात एसी नाही. स्टेशनजवळच्या एसीवाल्या एटीएममध्ये पेटी घेऊन उभा राहिलो. आकडा पडायला लागला. वॉचमन आला, बॉम्ब आहे का विचारतो. सिगार ठेवायची पेटी आहे म्हटलं. मग सिगार कुठंय. नाहीये म्हटलं. कल्टी मार म्हणाला.

२ ऑक्टोबर, गुरुवार
दसरा. हत्यारांची पूजा. माझा रंधा काकांच्या रंध्याशेजारी ठेवला. झेंडूची पाकळी त्याच्या पात्यात अडकली, काढली नाही.
पूजा झाल्यावर काकांनी हाताला धरून पापडवाल्या ताईंच्या कारखान्यात नेलं. पावसात पापड वाळवायला त्यांची एक खोली आहे, हीटर आणि पंखे, आत गेलं की ओठ सुकतात. काका म्हणाले फळ्या इथं ठेव, आकसायच्या तेवढ्या इथंच आकसू देत, मग कापू. ताई तयार. पण म्हणाल्या, "भैया, लकड़ी में हींग की बास बैठेगी, बाद में मेरे को मत बोलना." तरी फळ्या ठेवल्या. दुसरी जागा नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
लाईट नाही तेच बरं. फळ्या काढून त्याच खोलीच्या दारात बसून पेटी जोडली. बाहेरची हवा लागायच्या आत. काका मागं बसून बोटानं सांधा तपासत होते. एकदा मला थांबवून परत उघडायला लावला. चिडलो होतो, पण बरोबर होते. रंधा कमीत कमी मारला. झाकण इतकं घट्ट की उघडताना हिसका द्यावा लागतो. हवेत फुगलं तर उघडणारच नाही, अशी पण भीती.
हिंगाचा वास येतोय का? मला येतो, काकांना नाही. ताईंना विचारण्यात अर्थ नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
आज सुचलं. आमच्याकडची हवा. आटपाडीला ह्या दिवसांत टॉवेल तासाभरात वाळून कडक होतो. एटीएमपेक्षा चांगली. आमच्याकडं जाणारी ट्रॅव्हल्स रात्री असते, ड्रायव्हर ओळखीचा, माणसं त्याच्याकडं लसणाच्या पोत्यांपासून औषधांपर्यंत सगळं पाठवतात. पेटी पाठवली. आण्णाला सांगितलं डबी भरून आत ठेव, सकाळ-संध्याकाळ तोंडावरचा आकडा वाचून सांग.
आण्णा म्हणाला, इथं यायचं सोडून पेट्या पाठवतोस व्हय.
पण कुठं ठेवू ते विचारलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार
आण्णानं सांगितलेले आकडे. काल रात्री सत्तर. सकाळी सहासष्ट. आत्ता एकसष्ट.
सेठना सकाळचा आकडा सांगितला, संध्याकाळचा गिळला. काकांना दोन्ही सांगितले. त्यांनी आपली पेटी आवरायला घेतलीय, हत्यारांची. एक पटाशी, लाकूड तासायची छिन्नी, मला दिली, ठेव म्हणाले. उधार द्यावी तशी दिली, की कायमची, कळलं नाही.


१६ ऑक्टोबर, गुरुवार
सकाळी अठ्ठावन्न. झालं. आण्णानं आकडा सांगितला आणि हळूच म्हणाला, बिघडलं व्हय रं? असा आवाज त्याचा मी ऐकला नव्हता.
बाकड्यावर बसलो पण हाताला काम नाही. कुणी हाकलायच्या आधी आपणच जावं, हे डोक्यात. चारी वेळा असंच केलं. कपड्यांची पिशवी कुठं आहे ते पण आठवून झालं.
दुपारी घरी फोन केला, पेटी परत पाठवा सांगायला. वहिनीनं उचलला. मी म्हटलं, झाकण नीट बसतंय का तेवढं बघून सांगा. वहिनी हसायलाच लागली.
"भावजी, ती बंद असती कधी? तुमचं आण्णा आल्यागेल्याला उघडून दावत्यात. काल दूधवाला, रातच्याला सरपंच, आज सकाळी डाळिंबाचा व्यापारी. झाकण कसं बसतं ते सगळ्यास्नी करून दावायचं. आमच्या धाकट्यानं केली म्हणत्यात."
म्हणजे आकडा पेटीचा आहे का आण्णाचा? फट असेल, नसेल पण. कळायला मार्ग नाही.
सेठना गाठलं. एक दिवस मागितला. कल तक, म्हणाले, आणि हॉटेलला काय सांगायचं ते ठरवत बसले.
संध्याकाळी आण्णाला फोन. डबी भर, मग उद्या सकाळपर्यंत पेटी उघडायची नाही, आकडा परत चढला तर पेटी पक्की, नाहीतर फटच. कोण का येईना.
"गुरव येणार हाय आत्ता, त्याला बी न्हाय?"
नाही म्हटलं.
बरं म्हणाला. कपाटावर ठिवतो, हात पुरायचा न्हाय कुणाचा. मागं बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता.
"दिवाळीला येऊन तूच दावतोस का मग?"
मी म्हटलं, उद्या सकाळचा आकडा सांग आधी.