वजन पूर्ण, मात्रा अर्धी

प्रिय थोरले,

फोनवर तू माझे वाक्य क्रियापदापर्यंत कधीच पोहोचू देत नाहीस. "बाबा, थोडक्यात सांगा, मी साइटवर आहे," असे म्हणून मोकळी होतेस. जे सांगायचे आहे ते थोडक्यात मावणारे नाही, म्हणून हे पत्र. आरंभीच सांगतो, की तुझी लेक भिंगरी सुखरूप आहे, दोन वेळा नीट जेवते आहे आणि तूर्त माझ्याशी बोलते आहे. यातील तिसरी गोष्ट गेल्या आठवड्यात खरी नव्हती.

पुलाच्या कामासाठी तू आणि जावईबापू सहा महिन्यांकरिता निघालात, तेव्हा तू माझ्या स्वाधीन एक बरणी, एक वजनकाटा, एक नोंदवही आणि श्वास अडकलाच तर मांडीत टोचायचे ते इंजेक्शन केलेस. ज्या मुलीच्या जिवाला धोका म्हणून नऊ वर्षे या घरात शेंगदाण्याचे टरफलसुद्धा येऊ दिले नाही, तिलाच रोज दुपारी चार वाजता सफरचंदाच्या गरात कालवून शेंगदाण्याचे पीठ मी स्वहस्ते भरवायचे होते! तू हे इतक्या सहज सांगितलेस, की जणू कुंडीला पाणी घालायचे होते.

ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंची मी पहिल्याच भेटीत उलटतपासणी घेतली. त्यांच्या माहितीपत्रकातील अकरा चुका लाल शाईने दुरुस्त करून ते त्यांना परत दिले आणि विचारले, की हा उपचार सुरक्षित आहे का, ते एका शब्दात सांगा. त्या म्हणाल्या, "एका शब्दात नाही सांगता येणार, आजोबा. शेंगदाणा टाळून राहणाऱ्या मुलांपेक्षा या मुलांना त्रास जास्त वेळा होतो. पण तो आपल्या डोळ्यांदेखत होतो, घड्याळ लावून." गुण किती येतो, असे विचारले, तर म्हणाल्या, की दहांतील सात-आठ मुले ठरलेल्या मात्रेपर्यंत पोहोचतात, काहींना पोटदुखीने मध्येच सोडून द्यावे लागते, आणि पोहोचली तरी आजार मुळातून जात नाही. चुकून एखादा घास पोटात गेला तर जिवावर बेतू नये, एवढी सवय शरीराला लागते, आणि ती टिकवण्यासाठी पुढेही खात राहावे लागते. बाई खोटे आश्वासन देत नाहीत, हे पाहून मला त्यांच्याविषयी आदर वाटला. धीर मात्र मुळीच आला नाही.

तरीही मी कामाला लागलो. मात्रा उपाशीपोटी द्यायची नाही, ताप असेल त्या दिवशी द्यायची नाही, दिल्यानंतर दोन तास धावपळ नाही, गरम पाण्याची अंघोळ नाही. भिंगरीला दोन तास एका जागी बसवणे म्हणजे बेडकांची पायली मोजणे. मी तिच्याशी बुद्धिबळ खेळलो आणि सलग एकवीस डाव हरलो. (पहिले दोन मुद्दाम.) दर महिन्याला मात्रा वाढत गेली. रोजच्या मात्रेची एक, अशा तिने भिंतीवर खडूने रेघा मारल्या होत्या. कारण शाळेत डबा खाताना तिला खिडकीशी वेगळ्या बाकावर बसवतात, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, की ठरलेली मात्रा पचू लागली की सर्वांसोबत बसता येईल.

मात्रा दोनशे चाळीस मिलिग्रॅमवर असताना एके दिवशी सहाव्या मिनिटाला तिच्या मानेवर गांधी उठल्या. मग उलटी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिल्याप्रमाणे मी औषध पाजले, श्वास मोजला, इंजेक्शन हातात धरून बसलो. वीस मिनिटांत सगळे ओसरले आणि कन्यारत्न विचारते, "आजोबा, आता काही खायला द्या ना!" डॉक्टरीणबाईंना फोन केला; त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळं बरोबर केलंत. मात्रा आहे तीच चालू ठेवा." तुला मी त्या रात्री "किरकोळ खाज आली" एवढेच सांगितले.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या दिवसापासून मी वजन पूर्ण केले, वहीत पूर्ण वजन लिहिले आणि त्यानंतर चमच्याच्या दांड्याने निम्मे पीठ बाजूला काढले. लिहिले ते अक्षरशः खरे होते, कारण काट्यावर तेवढेच होते. काढून ठेवलेल्या पिठासाठी वहीत रकानाच नव्हता! चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या मनाची अशी समजूत घातली. उरलेले पीठ टाकवेना, म्हणून मी खात असे. असे सोळा दिवस चालले.

याचा परिणाम उत्तम दिसला, हीच पंचाईत. खाज थांबली, पोट दुखेना. पुढच्या भेटीत भिंगरीने छाती फुगवून सांगितले, "मला आता काही म्हणजे काहीच होत नाही!" डॉक्टरीणबाईंनी माझी वही इतर मुलांच्या आयांना दाखवली. "बघा, याला म्हणतात नोंद." पाच बायकांनी माझे अक्षर वाखाणले. मी, तुझा बाप, त्या वेळी मान खाली घालून हसलो. मग बाई म्हणाल्या, "चला, आज तीनशे साठ देऊ या." सिस्टर गराची वाटी घेऊन आल्या. कागदावर ती दीडपट होती. तिच्या पोटाच्या हिशेबाने तिप्पट. भिंगरीने आ वासला.

मी उठलो आणि सिस्टरांच्या हातावर हात ठेवून म्हणालो, "थांबा. ही वही खोटी आहे." मग सगळे सांगितले, त्या पाच आयांच्या देखत. बाईंनी आधी वाटी दूर ठेवली, मग चष्मा काढला. "म्हणजे सोळा दिवस उपचार आजोबांवर चालला होता?" त्या म्हणाल्या. "तुमची प्रगती छान आहे." सगळ्या हसल्या. नंतर मला आत बोलावून मात्र त्यांनी अगदी हळू आवाजात विचारले, "घरी भीती वाटली, तर मला फोन का नाही केलात? कमी करायची असती, तर मीच कमी केली असती. ठाऊक असलेली अर्धी मात्रा चालते, आजोबा. न कळलेली नाही." त्या दिवशी तिला एकशे वीसच दिली. तिथून पुन्हा हळूहळू चढायचे आहे.

भिंगरीने रस्त्याने एकच प्रश्न विचारला. "आजोबा, तुम्ही कॉपी केलीत?" होय, म्हणालो. घरी येऊन तिने भिंतीवरच्या सोळा रेघा एकेक करून पुसल्या. खिडकीजवळच्या बाकावरचा मुक्काम तेवढाच लांबला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितले आहे, की यापुढे मात्रा कोणी द्यायची, ते आईने लेखी कळवावे. तोवर वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई देतात. त्या हाताच्या नेमक्या आहेत, पण मात्रा दिली की दर मिनिटाला "अगं बाई, ओठ लाल दिसतोय का गं?" असे विचारून पोरीचा जीव खातात. आज पाचव्या मिनिटाला भिंगरी त्यांच्यासमोरून उठून माझ्या खोलीत आली आणि ओठ खाजवत शेजारी बसली. इकडे का आलीस, असे विचारले, तर म्हणाली, "त्या तुमच्यापेक्षा जास्त घाबरतात." मी घड्याळ समोर ठेवले. खाज बाराव्या मिनिटाला थांबली. घाबरलो मी तेव्हाही होतो. पण ते मी डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितले आणि वहीतही लिहिले. थोरले, हे पत्र म्हणजे कबुली आहे, तसाच अर्जही आहे. ते काम मला परत हवे आहे. तू नाही म्हणालीस, तर तो निर्णय योग्यच असेल आणि मी वाद घालणार नाही. मात्र मात्रेनंतरचे दोन तास मी तिच्या शेजारी बसणारच. त्यासाठी आईची लेखी संमती लागत नाही, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतले आहे.

उत्तराची वाट पाहणारा, तुझाच,
बाबा