पाच मीटरवर थांबायचं

१४ मे

पुन्हा मास्क काढता आला नाही!

वाळूत गुडघे टेकून बसलेलो, डोक्यावर जेमतेम तीन मीटर पाणी. बाकी सगळं जमतं. तोंडातली नळी काढून परत घालता येते, हाताच्या खुणा पाठ आहेत, पुस्तकाचे पाच धडे दोनदा वाचून झाले. पण मास्कच्या पट्ट्याला हात लावला की हात तिथंच अडकतो.

मिस वर्ना, या डायव्हिंग शाळेच्या बाई, वर आल्यावर म्हणाल्या, "ओर्लिस, तू खाडीकाठचा पोरगा. पाण्यात जन्मलास. तुला रे कसली भीती?"

पाण्याची नाहीच भीती. आमच्या गावात उघड्या डोळ्यांनी कुणी बुडी मारत नाही, एवढंच. काचेमागून बघितलं तर लिवा, समुद्राची मालकीण, दिसत नाही. काच नसली की दिसते — केस मोकळे सोडून बसलेली. आणि जी दिसते ती बोलावते. हे मिस वर्नांना कसं सांगणार? त्या या बेटावरच्या. त्यांच्या समुद्रात लिवा नसेल कदाचित.

हासिंता माझी जोडीदार. चिलीची, आठ महिने पाठीवर सॅक घेऊन बेटामागून बेट फिरतेय. तिनं पहिल्या फटक्यात मास्क काढला, घातला, वर अंगठा-बोट जुळवून 'ठीक' अशी खूण दाखवली. नंतर मला म्हणते, "मास्तर, पुस्तक पाण्यात उघडत नाही हं!"

मला सगळे मास्तरच म्हणायला लागलेत. शाळा सहावीपर्यंतच झाली हे त्यांना माहीत नाही.

१५ मे

आजही नाही. नाकात पाणी गेलं. वाळूमाश्यांनी पाय फोडून काढलेत, खोबरेल लावून बसलोय.

१८ मे

झालं!! मास्क काढला, पूर्ण काढला, हातात धरला, परत घातला.

हासिंतानं काल सांगितलं, "मनात काहीतरी म्हणत राहा, गाणं म्हण." गाणं आठवेना. मग बाबांचं पूर्ण नाव एकेक अक्षर मनात लिहीत गेलो, सावकाश, चुकू न देता. आडनावापर्यंत पोचलो आणि डोळे उघडले. सगळं हिरवट, धुरकट. कुणी नव्हतं. हासिंताचे पाय तेवढे दिसले.

मिस वर्नांनी पाण्याखालीच टाळ्या वाजवल्या. आवाज येत नाही, पण दिसतात.

बदल्यात आज हवेच्या जास्तीच्या टाक्या भरल्या. आमचा करारच तसा — मी कॉम्प्रेसर सांभाळायचा, त्यांनी मला शिकवायचं. शिकून झालं की शाळेच्या बोटीवर कायमची जागा. म्हणजे शेवंडीच्या, लॉबस्टरच्या, बोटीवर परत कधीच जायला नको.

२२ मे

पहिल्यांदा खरा समुद्र. प्रवाळाची भिंत. चूक केली, आणि अशी चूक की अजून कान गरम आहेत.

सगळे वर यायला लागले तेव्हा माझ्या टाकीतल्या हवेचा काटा अजून लालच्या वर होता. मी खुणेनं सांगितलं, तुम्ही व्हा पुढे. मला वाटलं मी हुशार! मागे राहिलो. नळीतून हवा ओढायला जड जायला लागली, तरी राहिलो. पार शेवटचा घोट ओढून मग वर आलो. टाकी खणखणीत रिकामी. बोटीवर चढून मी ती मिस वर्नांना अभिमानानं वाजवून दाखवली.

त्यांचा चेहरा! "हा काट्याचा लाल पट्टा कशाला रंगवलाय? शोभेला? कुणी शिकवलं तुला हे?"

बाबांनी. "रिकामी टाकी म्हणजे पूर्ण काम." आमच्याकडे हवा उरवून कुणी वर आलं तर कप्तान सगळ्यांसमोर विचारतो, खाली झोपला होतास का? मी दोन हंगाम दादाचा होडीवाला होतो. तो खाली, मी वर होडीत, त्याच्या बुडबुड्यांमागे वल्हवत. बुडबुडे अगदी विरळ झाले की समजायचं, आता येईल. आणि तो यायचाच — बूच उडाल्यासारखा. शेवंडी होडीत फेकायचा, दुसरी टाकी अडकवायचा, परत खाली. हे चुकीचं आहे असं कुणीच कधी म्हटलं नाही.

मिस वर्ना नंतर जवळ येऊन बसल्या. "रागावले म्हणून रुसू नकोस. उद्या सहावा धडा वाच. नीट वाच."

२३ मे

सहावा धडा वाचला.

चित्र आहे. माणूस भरकन वर येतोय आणि त्याच्या रक्तात बुडबुडे. बुडबुडे मणक्यात अडकतात. पाय जातात. म्हणून सावकाश यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, मग वर. एवढंच. सोड्याची बाटली सावकाश उघडावी, तसं.

बाबांना खुर्चीत बसून अकरा वर्षं झाली. आम्ही सगळे म्हणतो, लिवानं पाय धरले. तिच्या फार शेवंडी काढल्या म्हणून.

दुपारी फोन केला. सांगायचं नाही असं ठरवलेलं, तरी सांगितलं. चित्रसुद्धा सांगितलं. बाबा म्हणाले, "मग ती बुडबुडे होऊन आली असेल. ती कशीही येते."

मग मी जेवलो का, असं त्यांनी विचारलं. फोन ठेवला.

३० मे

दादा आला! न कळवता, दुपारच्या फेरीबोटीनं, हातात आईनं दिलेला नारळाचा पाव. आल्या आल्या शाळा बघितली, गोऱ्या पोरापोरींच्या ओळीनं ठेवलेल्या सॅका बघितल्या, फळ्यावरची माशांची चित्रं बघितली आणि हसत सुटला.

"म्हणजे हे पैसे देतात, खाली जातात, मासा बघतात — आणि सोडून येतात?"

"हो."

"आणि तू त्यांना टाक्या भरून देतोस. शाब्बास! बाबांचं नाव काढलंस म्हणायचं."

हासिंताला त्यानं विचारलं, "आमचा हा बावळट शिकतोय का काही?" ती म्हणाली, "आम्हीच याच्याकडून शिकतो." दादाला ते खोटं वाटलं. मलाही.

मग खरं कारण निघालं. एक जुलैला हंगाम उघडतोय. होडीवाला हवाय. "तुझ्यासारखे बुडबुडे कुणी ओळखत नाही. गेल्या वेळचा तो झोपायचा रे! मी वर आलो तर होडी मैलभर लांब."

मी नाही म्हटलं. इथे जागा मिळणार आहे म्हटलं. तो डावा कोपर चोळत राहिला. बोलताना चोळतो, खाताना चोळतो.

"कोपराला काय झालं?"

"वारा भरलाय. आई पाला बांधते."

सहाव्या धड्यात आहे — सांधा दुखणं. पहिली खूण! मी सगळं सांगितलं, पाच मीटर, तीन मिनिटं. इथल्या डॉक्टरकडे हवेचा मोठा डबा आहे, त्यात झोपवून उपचार करतात, उद्याच जाऊ म्हटलं. दादा म्हणाला, "जिवंत माणसाला पेटीत घालतोस? आणि तीन मिनिटं थांबू म्हणे! तीन मिनिटांत शेजारचा चार शेवंडी उचलतो. समुद्र काय माझ्यासाठी थांबतो?"

मी ओरडलो. मी कधी ओरडत नाही.

३१ मे

दादा सकाळच्या फेरीनं गेला. धक्क्यावरून हात हलवला — उजवा.

तो डावखुरा आहे.

९ जून

पास झालो. लेखी परीक्षेत एकही चूक नाही. मिस वर्नांनी निळा शर्ट दिला, पाठीवर शाळेचं नाव. आरशात बघितला. खांद्यात सैल आहे.

हासिंता उद्या निघते, पुढच्या बेटावर. "मास्तर, चल की! तिथे पाणी असं की तळातली नाणी मोजशील." आणि मग, "तुझं काय अडलंय इथं?" मीही बसल्या जागी बसत नाही हल्ली. धक्क्याच्या टोकापर्यंत जातो, परत येतो. पण तिला जसं पुढचं बेट दिसतं तसं मला काहीच दिसत नाही.

तिची लहान सॅक मला दिली. बकल तुटलंय. मासेमारीच्या दोऱ्यानं शिवून टाकलं. आत काय भरायचं ते अजून ठाऊक नाही.

१७ जून

आईचा फोन. दादानं बोटीवर नाव घातलं. होडीवाला? "जो उरेल तो देतील म्हणे." कोपर? "बोटांना मुंग्या येतात म्हणतो. तू काही काळजी करू नकोस रे, तुझं चांगलं चाललंय."

माझं चांगलं चाललंय. आज भरलेली टाकी परत भरायला घेतली. मिस वर्नांनी हात धरून बाजूला केलं.

२० जून

मिस वर्नांना विचारलं, जो थांबायला तयार नाही त्याला पाच मीटरवर थांबवायचं कसं?

त्यांनी लगेच ओळखलं. "माणूस आपण होऊन थांबत नाही, ओर्लिस. पाण्यात अधांतरी कोण उभं राहील? हाताला धरायला काहीतरी हवं. म्हणून तर आपण बोटीखाली दोरी सोडतो." मग म्हणाल्या, "पण खोटी आशा देत नाही तुला. शेवंडीवाले दिवसभर जेवढ्या टाक्या मारतात, त्याला तीन मिनिटं पुरत नाहीत. आणि तसला कोपर घेऊन उतरणं हेच मुळात चूक. त्याला डब्यातच आणायला हवं."

"येत नाही तो."

"मग काहीच नसण्यापेक्षा दोरी बरी. दहा मिनिटं थांबला तर आणखी बरं."

मी जातो, त्याचा होडीवाला होऊन, म्हटलं. त्या म्हणाल्या, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतोयस. जागा मी हंगामभर रिकामी ठेवू शकत नाही. रांग आहे इथे."

"माहीत आहे."

शर्टाची घडी करून पुढे केली. "ठेव तो," म्हणाल्या. "सैल होतोच तुला."

२४ जून

दोरी मापली. पुन्हा मापली. खाली शिसं, पाच मीटरवर आडवी काठी बांधली, दोन्ही हातांनी धरता येईल अशी. सगळं सॅकमध्ये बसलं. हासिंताला दाखवायला हवं होतं.

२६ जून

फेरीत आहे. अक्षर हलतंय, माफ.

निघताना बाबांना फोन केला. वाटलं रागावतील, चांगली नोकरी सोडली म्हणून. त्यांनी दोरीचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "काठीला पांढरं फडकं बांध. खाली सगळं निळंच दिसतं." मग, "माझ्या वेळी असती तर मी धरली असती का, कुणास ठाऊक."

२९ जून

बोटीवर. दादानं मला चढताना बघितलं आणि माझी सॅक घेतली — उजव्या हातानं. दोरी बघितल्यावर मात्र, "होडीला शेपूट लावतोयस?" अख्खी बोट हसली.

हसू दे!

२ जुलै

दोन दिवस झाले. दोरी खाली सोडतो, जादा टाकी तिला बांधून ठेवतो. दादा बाजूनं सरळ वर येतो. फडक्याला पायसुद्धा लावत नाही. "तुझी शेपटी बघितली हं," म्हणतो. इतर होडीवाले मला शेपटीवाला म्हणतात.

परत जाऊ शकत नाही. बोट बारा दिवसांनी फिरणार. आणि शाळेतल्या जागेवर एव्हाना कुणीतरी आलं असेल.

३ जुलै

मर्विन — आमच्याच गावचा, दादाच्या वयाचा — संध्याकाळी होडीतून उठलाच नाही. "पाय कुठे गेले माझे?" असं विचारत होता. ओढून वर घेतला. कप्तान म्हणाला, मासळी घेऊन जाणारी लहान बोट उद्या येईल, तिच्यातून पाठवू.

सगळे म्हणाले, लिवा.

दादानं मर्विनच्या पायांवर चादर घातली. मग माझ्या शेजारी येऊन बसला आणि दोरीची गाठ ओढून बघितली. एकदा, परत एकदा.

४ जुलै

सकाळची दुसरी टाकी. बुडबुडे विरळ झाले. मी दोन्ही हातांनी होडीची कड धरली, तो उसळून येईल म्हणून.

आला नाही.

मग बघितलं — बुडबुडे दोरीपाशी येत होते. तिथंच येत होते. दोरी ताठ झालेली, दाट बुडबुडे, जादा टाकीतले. दोरी खालून दोनदा हलली.

मी वल्हं पाण्यात आडवं धरलं आणि होडी जराही सरकू दिली नाही.