परत न गेलेलं कपाट

बाबा, तुम्ही घेतलेलं कपाट अजून आमच्या पडवीत आहे. सागाचं कपाट म्हणून तुम्ही ते माझ्या लग्नात दिलंत. साग फक्त समोरच्या दोन दारांना होता, हे कळायला शिमगा यावा लागला. लग्न मार्गशीर्षात झालं, आणि थंडी सरून ऊन तापायला लागलं तशी आतली फळी न फळी आकसली. दारं एकमेकांना भेटेनात. खणांतून पिवळा भुसा गळायचा आणि माझ्या नव्या लुगड्यांवर बसायचा. आत सगळं कच्चं, हलकं लाकूड होतं. वरून पॉलिश मारलेलं आणि त्यावर दुकानदाराचा शब्द.

सावंतवाडीच्या त्या दुकानात तुम्ही मला सोबत नेलं होतंत. मुलीला पसंतीला नेणारा बाप तेव्हा आमच्या गावात दुसरा नव्हता, हे मी मान्य करते. दुकानदार उठून उभा राहतो, स्वतःच्या पंच्याने खुर्ची पुसतो, "येवा मास्तरानू, बसा" म्हणतो, चहा मागवतो. मी कपाटात डोकं घालते, तर कच्चा वास येतो. मी तुम्हाला म्हणते, "बाबा, आतला लाकूड ओला वाटता." दुकानदार हसतो. "बाय माझे, वरसभरात काय झाला तर माका येवन सांगा. मी हयच बसलंय." तुम्ही माझ्याकडे असे डोळे वटारलेत की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. ज्याचा चहा प्यायलो त्याच्या मालावर संशय घ्यायचा नाही, ही तुमची रीत. पुसलेली खुर्ची आणि कपभर चहा, एवढ्यात तो माणूस तुम्हाला जिंकून बसला होता.

इथे इन्सुलीत सासूबाईंना आयतंच सापडलं. कुणी पाव्हणा आला की त्या त्याला मुद्दाम माझ्या खोलीत आणायच्या, खणावरून बोट फिरवून भुसा दाखवायच्या आणि मला विचारायच्या, "तुझ्या बापाशीन सागाचा कपाट धाडल्यान मां? मगे ह्यो भुसो खंयचो?" मी खाली मान घालून उभी. तुमच्या जावयाला मात्र त्यात रडण्यासारखं काही दिसत नव्हतं. ते म्हणाले, "वस्तू खराब निघाली तर दुकानदारान बदलून देवची. ह्यात झगडा कसलो?" किती साधं होतं ते. शब्द तुम्हाला दिलेला, म्हणून दुकानात तुम्ही सोबत असावं, एवढाच निरोप त्यांनी तुम्हाला पाठवला. मी दिवस मोजत बसले. तुम्ही याल, दुकानात उभे राहाल, कपाट बदलून येईल आणि या घरात मला मान वर करता येईल.

तुम्ही साऱ्या नांदगावचे अर्ज लिहिणारे. कुणाची जमीन मोजायची राहिली, कुणाची मनीऑर्डर अडकली, की माणसं आपल्या ओटीवर येऊन बसायची. तुम्ही शुद्ध भाषेत असं काही लिहायचात की कचेरीतल्या साहेबाला दखल घ्यावी लागे. वर्गात आम्हाला शिकवायचात, हक्क मागायला लाजू नये. आणि स्वतःच्या मुलीची वेळ आली तेव्हा तुम्ही देवळात गेलात. गाऱ्हाणं घातलंत, गुरवाकडून देवाला पाकळ्या लावून घेतल्यात आणि कौल मागितलात, दुकानदाराशी भांडायला जावं काय? डावी पाकळी पडली. म्हणजे नाही. बाबा, भांडू काय असं तुम्ही देवाला विचारलंत. मी फसलो काय, असं का नाही विचारलंत? भांडू नको असंच कुठलाही देव सांगणार. तुम्हाला हवं ते उत्तर येईल असाच प्रश्न तुम्ही घेऊन गेलात आणि आपला भिडस्तपणा देवाच्या नावावर ठेवून मोकळे झालात.

त्या सकाळी अंगणात बैलगाडी उभी आहे. कपाट वर चढवून दोरानं बांधलेलं आहे. तुम्ही एसटीतून उतरून येता. मला वाटतं, आले. तुम्ही रुमालाची गाठ सोडता, प्रसादाचं फूल जावयाच्या हातावर ठेवता आणि म्हणता, "कपाट उतरवा. देवान नको म्हटल्यान." तुमचे जावई काही बोलणार तेवढ्यात सासूबाई ओटीवरून गड्यांना म्हणाल्या, "उतरवा रे. बापाशीकच नको, तर आमका कित्याक?" कपाट उतरलं ते थेट पडवीत गेलं. त्यात पुढे कोकमाची सोलं आणि बियाण्याच्या पिशव्या राहिल्या, आणि माझी लुगडी ट्रंकेत. ह्यांनी माझ्या बाजूनं या घरात पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. सासरा येऊन आपल्यालाच गप्प करतो, तर कुणासाठी बोलायचं? मला त्यांचा राग आला नाही. तुमचा आला, आणि तो गेलेला नाही.

तुम्ही गेलात तेव्हा तो दुकानदार भेटायला आला होता, हे तुम्हाला कोण सांगणार. आईसमोर बसून डोळे पुसत म्हणाला, "मास्तर देवमाणूस. त्या कपाटाबद्दल माका कधी एक शब्द बोलले नाय." म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि त्याच्यासाठी ठेवलेला चहा मोरीत ओतला.

हे सगळं आत्ता उकरून काढायचं कारण माझी सून. तिनं कणकवलीहून पलंग आणला, त्याची फळी महिन्याभरात तडकली. ती दुकानात गेली, पावती पुढे ठेवली आणि म्हणाली, बदलून द्या, नाहीतर मी ग्राहक आयोगाकडे जाते. आवाजसुद्धा चढवला नाही. दुकानदार तिला बसा म्हणाला, चहा घ्या म्हणाला. ती उभीच राहिली. दुसरा पलंग आला.

मला ती सोबत घेऊन गेली होती. इतकी वर्षं तुम्हाला मनातल्या मनात दुकानात धाडून भांडायला लावणारी मी, त्या दिवशी दुकानाबाहेर उभी होते. मला पायरी चढवेना. आतल्या माणसाला काय वाटेल, याचीच लाज वाटत होती. सून बाहेर येऊन म्हणाली, "आई, तुम्ही आत का नाही आलात?" मी म्हटलं, गुडघा दुखतोय.